कान्हेरीचा फेरा: डोंगर आणि पाणी वाचत अर्धा दिवस

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं, की द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार लागतं. आतला रस्ता साधारण सहा-सात किलोमीटर चढत चढत कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी पोचतो. तिथून एका बाजूने चढून, माथ्यावरून वळसा घालून दुसऱ्या बाजूने उतरायचं, असा डोंगराचा एक आटोपशीर फेरा करता येतो. रमतगमत केला तरी अडीच-तीन तासांत होतो. उपनगरातल्या माणसाला डोंगर पाहायचा असेल तर कर्जत-लोणावळ्याची गाडी पकडायलाच हवी असं नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतका हा डोंगर जवळ आहे.

या फेऱ्याकडे नुसता व्यायाम किंवा सहल म्हणून पाहू नका. हा डोंगर पाणी धरून ठेवणारा डोंगर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या भिक्षूंनी कातळात टाकी खोदून पाणी साठवलं. दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगररांगेत बांध घालून विहार आणि तुळशी हे तलाव झाले. आज मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक लहानसा वाटा इथूनच जातो. कातळातलं टाकं, ओढा, तलाव आणि नदी यांचं नातं मनात ठेवून चाललात, तर छोट्याशा चालण्यातूनही पुष्कळ काही हाती लागतं. तशा चालण्यासाठीच पुढच्या सूचना आहेत.

कधी जावं

सोमवारी उद्यान बंद असतं, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. उद्यानाच्या आणि लेण्यांच्या वेळा ऋतूनुसार किंवा काही कारणाने बदलतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करावी. उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि जंगल वनविभागाकडे.

दूरवरचं दृश्य हवं असेल तर सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरची सुरुवात उत्तम. पावसाने हवा धुतलेली असते, डोंगर हिरवे असतात, तलाव भरलेले असतात. दुपारी मात्र ऊन चटका देतं, म्हणून सकाळी लवकर चढायला लागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सर्वांत सुखाचं. मात्र थंडीत शहरावर धुरकं साचतं आणि लांबचं काही दिसेनासं होतं. अशा दिवसांत आदल्या दिवशी वारा चांगला वाहिलेला असला तर दृश्याची आशा धरावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. पानगळ झाल्याने डोंगराचा आकार नीट दिसतो आणि पक्षीही सहज नजरेस पडतात. एप्रिल-मे महिन्यांत कातळ तापतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत माथ्यावरून खाली उतरायला लागावं. उद्यान-लेण्यांच्या वेळेत ते बसत नसेल तर हे दोन महिने सोडलेले बरे.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर हा डोंगर सर्वांत सुंदर असतो आणि सर्वांत फसवाही. लेण्यांमधल्या घळीतून ओढा फेसाळत येतो, कातळावर शेवाळं धरतं, पायऱ्या निसरड्या होतात. वर माथ्यावर पडलेली सर घळीत यायला वेळ लागत नाही. उभ्या पावसात घळीत उतरू नका, वाहत्या पाण्यात पाय घालू नका, आणि वनविभागाने एखादी वाट बंद केली असेल तर तिथूनच माघारी फिरा. मेघगर्जना सुरू झाली तर उघडा माथा सोडून लगेच खाली या.

कारवीचा बहर पाहायचा असेल तर थांबावं लागेल. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते. २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये ती फुलली होती, तेव्हा पुढचा बहर २०३२च्या पावसाळ्याच्या सुमारास अपेक्षित आहे.

कसं पोचावं

पश्चिम रेल्वेवरच्या लोकांना बोरिवली सरळ आहे. मध्य रेल्वेवरच्या लोकांनी दादरपर्यंत खाली जाण्याची गरज नाही. मुलुंड, भांडुपहून लोकलने घाटकोपरला यावं. तिथून मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकात उतरावं आणि जोडपुलाने गुंदवलीला जाऊन मेट्रो ७ धरावी. या मार्गावर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्थानक आहे. अंधेरीकरांनाही हाच रस्ता सोयीचा. मुलुंडच्या मंडळींना ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला येणाऱ्या बसही आहेत.

प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंत चालत जाता येतं, पण डांबरी रस्त्यावरच्या या चालीत दीड-दोन तास आणि अर्धी ताकद खर्च होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उद्यानातल्या बसने जावं किंवा भाड्याची सायकल घ्यावी. सायकलने जाताना चढ आहे आणि येताना उतार, म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक तपासा. स्वतःची गाडी आत नेण्याचे नियम बदलत असतात, ते दारावरच विचारून घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, हे वर चढण्याआधी चालकाला विचारायला विसरू नका.

सोबत काय असावं

माणशी दोन लिटर पाणी घ्या. डोंगरावर टाक्यांत पाणी दिसतं, पण ते पिण्याजोगं नाही. बाटल्या घरच्या, पुन्हा वापरायच्या असाव्यात. लिंबू, मीठ आणि साखर घातलेलं सरबत एका बाटलीत असलं, की उकाड्यात पायाला गोळे येत नाहीत.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत. गुळगुळीत तळव्याच्या चपला आणि नवे कोरे बूट दोन्ही घरी ठेवा. अंगभर सुती कपडे, टोपी, लहानशी विजेरी, जखमेला लावायची पट्टी, नेहमीची औषधं आणि कचरा परत आणायला एक पिशवी, एवढं पाठीवरच्या बॅगेत बसवा. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, कारण काही ठिकाणी कातळाला हात टेकावा लागतो. उग्र वासाचं अत्तर लावू नका. कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात, आणि तीव्र वास, धूर किंवा गोंगाट यांनी माश्या उठतात.

खाण्याचे पदार्थ बंद डब्यात ठेवा. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली, की माकडं सरळ येऊन ती ओढतात. त्यांना खायला घालू नका, त्यांच्याकडे पाहून दात दाखवू नका, आणि पिशवी ओढलीच तर झटापट न करता सोडून द्या. लेण्यांच्या पायथ्याशी उद्यानातल्या पाड्यांवरच्या आदिवासी बाया मोसमाप्रमाणे काकडी, कैरी, बोरं, करवंदं घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या. ताजं मिळतं आणि या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांना चार पैसे मिळतात.

फेरा: टप्प्याटप्प्याने

*पायथा ते तिसरं लेणं.* तिकीटघरापासून पायऱ्या चढल्या, की पहिलं, दुसरं आणि तिसरं लेणं ओळीने लागतं. तिसरं म्हणजे कान्हेरीचं मोठं चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळाशी, म्हणजे दुसऱ्या शतकाशी, ते जोडलं जातं. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या बुद्धमूर्ती सुमारे सात मीटर उंच आहेत आणि त्या चैत्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या आहेत. इथे दहा मिनिटं थांबून श्वास स्थिर करा. बरोबरच्या मंडळींपैकी कुणाला पुढे चढणं जमेल आणि कुणी इथेच सावलीत बसावं, ते इथेच ठरवा.

*अकरावं लेणं आणि घळ.* पुढे अकरावं लेणं येतं. त्याला दरबार म्हणून ओळखतात. आत दगडाचे लांबच लांब ओटे आहेत. त्याच्या पुढ्यातच ती घळ आहे, जिच्यातून पावसाळ्यात ओढा वाहतो. घळीच्या काठाने वर पाहिलं, की पाण्याची सगळी व्यवस्था उलगडायला लागते. ओढ्यात वरच्या अंगाला जुन्या बांधाचे अवशेष आहेत. भिक्षूंनी इथे पाणी अडवलं होतं.

*चढण.* इथून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर जायचं. पायऱ्या मुळातल्याच आहेत आणि काही झिजून उथळ झाल्या आहेत. पाय आडवा टाका, दोन माणसांत तीन-चार पायऱ्यांचं अंतर ठेवा. चढताना प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाहत जा: अंगणाच्या कडेला चौकोनी तोंडाचं टाकं दिसेल. आता लेण्याच्या कपाळावर आणि वरच्या कातळावर नजर टाका. तिथे बारीक चर खोदलेले आहेत. पावसाचं पाणी लेण्यात न गळता चरातून टाक्यात उतरावं, अशी ही योजना. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत लेणी दान करणाऱ्यांबरोबर टाकी दान करणाऱ्यांचीही नोंद आहे. टाक्याला तिथे ‘पोढी’ असा शब्द येतो. दाते कल्याण, सोपारा, नाशिक, चौल अशा गावांचे होते. डोंगरावर राहणाऱ्याला निवाऱ्याइतकीच पाण्याची गरज असते, हे त्या व्यापाऱ्यांनाही कळत होतं.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या. एका लेण्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना किती टाकी दिसली, पाणी कुठून आत येत असेल, जास्तीचं कुठून बाहेर जात असेल, हे त्यांनी शोधायचं. टाक्यांची तोंडं उघडी असतात आणि काही खोल आहेत, म्हणून लहानांचा हात धरूनच हे करा. टाक्यात दगड किंवा नाणी टाकू देऊ नका.

वाटेतली दोन-तीन लेणी चुकवू नयेत. चौतिसाव्यात छतावर अर्धवट राहिलेल्या चित्राचे रंग अजून दिसतात. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. भिंतीवर आता नाव कोरणं हा गुन्हा आहे, हे मुलांना इथेच समजावून सांगा. अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असतात. त्यांच्यावर विजेरी रोखू नका आणि फ्लॅश मारून छायाचित्रं काढू नका.

*माथा.* वर पोचल्यावर कातळाचं उघडं पठार लागतं. पश्चिमेला बोरिवलीच्या इमारतींची रांग, तिच्यापलीकडे गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस, खाडी आणि समुद्र असं सगळं एका नजरेत येतं. मग पाठ फिरवा. मागे इमारत नाही, नुसती डोंगरांची एकावर एक रांग आहे. आग्नेयेला, साधारण दोन किलोमीटरवर, तुळशी तलाव आहे. त्याच्या दक्षिणेला आणखी खाली विहार, आणि त्याच्याही खाली पवई. नकाशा बरोबर असेल तर इथे तो उघडून दिशा लावून पाहा. कड्याच्या काठापासून चार पावलं मागेच बसा. स्वतःचं छायाचित्र काढायला काठाकडे पाठ करून मागे सरकणं जिवावर बेतू शकतं.

*उतार.* आलात त्याच वाटेने न उतरता माथ्यावरून पलीकडच्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली या. घळीच्या दुसऱ्या अंगाची लेणी पाहत तुम्ही पुन्हा पायथ्याशी पोचता आणि फेरा पुरा होतो. उतरताना गुडघे किंचित वाकवून, टाचेऐवजी पूर्ण पाऊल टेकवत चाला. पायऱ्या संपून मातीची पायवाट रानात शिरताना दिसली तर तिच्या मागे जाऊ नका. ती तुळशीच्या बाजूला जाणारी असू शकते आणि तिकडे विनापरवाना जाता येत नाही.

तलाव खरोखर पाहायचे असतील तर: जांभूळमाळ

पाण्याचा विस्तार डोळे भरून पाहायचा असेल तर त्यासाठी दुसरा, मोठा फेरा आहे. जांभूळमाळ हे मुंबईतलं सर्वांत उंच ठिकाण, उंची सुमारे ४६८ मीटर. स्वच्छ दिवशी तिथून तुळशी, विहार आणि पवई असे तिन्ही तलाव दिसतात. इथे एकट्याने जायची परवानगी नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंदणी करून, वनविभागाच्या परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच जायचं. आठ-दहा जणांचा गट जमवला की हे सोपं पडतं. शिलोंड्याची ओढ्याकाठची वाटही याच पद्धतीने पाहता येते, आणि ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी ती अधिक बरी. वाटाड्या पक्षी, झाडं आणि प्राण्यांचे माग दाखवतो. त्यामुळे परवानगीची ही खटपट वाया जात नाही.

वर उभं राहून तलाव पाहताना त्यांची गोष्ट माहीत असावी. १८५०च्या दशकात मुंबईत पाण्याची टंचाई इतकी झाली की विहिरी पुरेनात. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये तलाव तयार झाला. शहराला नळाने पाणी मिळालं ते तिथून. तेही पुरेना, म्हणून १८७०च्या दशकात वरच्या अंगाला तुळशीचा बांध घातला गेला. तुळशी उंचावर आणि विहार त्याच्या खाली असल्याने तुळशी भरून ओसंडला, की पाणी विहारमध्ये उतरतं. विहार आणि पवई ओसंडले, की मिठी नदीला पाणी येतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केलं ते उपनगरांनी अनुभवलं आहे. दहिसर नदीही याच डोंगरातून निघते. रस्त्याकडेचा नाला म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याचा उगम इथे स्वच्छ वाहताना दिसतो.

विहारची साठवणक्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर आणि तुळशीची ८,०४६ दशलक्ष लिटर. आकडे मोठे वाटतात, पण शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी सगळ्या मुंबईला ते नऊ-दहा दिवस पुरतील. उरलेलं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा लांबच्या खोऱ्यांतून येतं. आपल्या नळाचं बहुतेक पाणी दुसऱ्यांच्या गावांतून येतं, हे या माथ्यावर मोजून कळतं.

तलावांबाबत एकच नियम आहे: दुरून पाहा, पाण्यापर्यंत जाऊ नका. विहार आणि तुळशीचं पाणी पिण्यासाठी आहे आणि त्यांचा काठ लोकांसाठी बंद आहे. विहारमध्ये मगरी आहेत. दरवर्षी पावसाळ्यात तलाव, धबधबे आणि खदाणींत पोहायला उतरलेली तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. कुणी चोरवाट दाखवली तरी नाही म्हणा आणि बरोबरच्यांनाही थांबवा.

बिबट्या, साप आणि आपण

सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलात आणि त्याच्या कडेला पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. दिवसा, लोकांची ये-जा असताना बिबट्या दिसण्याचा संभव फार थोडा, पण नियम पाळलेच पाहिजेत. सूर्य कलायच्या आत जंगलाबाहेर पडा. लहान मुलं मोठ्यांच्या मधे चालू द्या, पुढे पळू देऊ नका. झुडपाआड एकट्याने वाकून बसू नका. बिबट्या दिसलाच तर पळू नका, मुलांना उचलून घ्या, उभं राहूनच हळूहळू मागे सरका आणि त्याला निघून जायला वाट द्या. वन्यप्राण्याबाबत मदत लागली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२. घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा.

दगडाच्या फटीत किंवा पालापाचोळ्यात हात घालू नका. घोणस, मण्यार, नाग हे सगळे इथे आहेत. सर्पदंश झाला तर तोंडाने रक्त ओढणं, आवळपट्टी बांधणं, चिरा देणं यांपैकी काहीही करू नका. माणसाला स्थिर ठेवून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्या.

कानांत संगीताची बोंडं घालून चालू नका. सावधपणासाठी तर कान मोकळे हवेतच, शिवाय ऐकण्यासारखंही पुष्कळ असतं. पावसाळ्यात घळीतून माणसाने शीळ घालावी तसा आवाज आला तर तो शीळकरी कस्तुर असतो. उन्हं चढल्यावर वर घिरट्या घेत ओरडणारा तुरेवाला सर्पगरुड असतो.

ज्येष्ठांसाठी आणि लहानांसाठी

गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल तर तिसरं आणि अकरावं लेणं पाहून तिथेच फेरा थांबवावा. घळीच्या तोंडाशी बसूनही डोंगर दिसतो. काठी वापरायला संकोच करू नका. सहा-सात वर्षांचं चालतं मूल सगळा फेरा करू शकतं, मात्र दर वीस मिनिटांनी थांबा आणि न मागताच पाणी पाजा. गटाचा वेग सर्वांत मागे चालणाऱ्याने ठरवायचा, पुढच्याने नव्हे.

घरी परतल्यावर

जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत रोज सात तलावांच्या साठ्याचा तक्ता येतो. हा फेरा करून आल्यावर तो तक्ता एकदा मुलांना घेऊन वाचा. तुळशी भरल्याची बातमी आली, की पाणी पुढे कुठे जाणार हे त्यांना विचारा. ‘विहारमध्ये, आणि विहार भरला की मिठीत’ असं उत्तर आलं, तर तुमचा अर्धा दिवस सार्थकी लागला. ज्या मुलाला आपल्या नदीचा उगम माहीत आहे, ते मूल मोठं होऊन त्या नदीत कचरा टाकताना थांबेल आणि दुसऱ्यालाही थांबवेल. या डोंगराला आणि त्याच्या पायथ्याशी वाढत चाललेल्या शहराला अशा माणसांची फार गरज आहे. तेव्हा सोमवार सोडून येत्या आठवड्यातला एक दिवस ठरवा, पाण्याच्या बाटल्या भरा आणि सकाळी लवकर निघा.